लिंगसूत्रांचा ऱ्हास आणि बुरशीची साक्ष

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा कीं मुलगी? आणि ‘मुलगी’ हेंच उत्तर दोनतीनदां आलें कीं त्याचा बोल सुनेला लावण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे कीं, शिकल्यासवरल्या घरांतूनहि ती पुरती गेली आहे असें म्हणवत नाहीं. शास्त्राचा निवाडा मात्र १९०५ सालींच झालेला आहे. अमेरिकेंतील ब्रिन मॉर कॉलेजांत संशोधन करणाऱ्या नेटी स्टीव्हन्स या विदुषींनीं पिठांत पडणाऱ्या एका भुंग्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. पेशीच्या केंद्रकांत गुणसूत्रें म्हणून जे धागे असतात, ते मादीच्या पेशींत २० व सगळे मोठे होते. नराच्या पेशींत १९ मोठे आणि १ अगदीं बारका होता. नराचीं निम्मीं बीजें हा बारका धागा घेऊन निघतात. तीं ज्या अंड्याला मिळतात त्यांतून नर जन्मतो, उरलेल्यांतून मादी. मनुष्याची व्यवस्था अशीच आहे. निवाडा पित्याच्या बीजांत होतो. आईच्या हातीं त्यांत कांहीं नसतें. स्टीव्हन्सबाई १९१२ सालीं निवर्तल्या, आणि पाठ्यपुस्तकांनीं बरींच वर्षें या शोधाचें श्रेय त्यांच्याहून मोठ्या नांवाच्या पुरुषांनाच दिलें.

त्या मोठ्या सूत्राला एक्स व बारक्याला वाय असें नांव पडलें आहे. दोघांना मिळून लिंगसूत्रें म्हणतात. मनुष्याच्या एक्स सूत्रावर आठशेंहून अधिक जनुकें आहेत; वायवर तीं शंभराच्या आसपास आहेत. हे दोघे मुळांत अगदीं सारखे, एका जोडीचे जुळे भाऊ होते, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. मग एकाच्या घरीं ही संपत्ति आणि दुसऱ्याच्या घरीं हें दारिद्र्य कां?

याचें अर्धें उत्तर सोपें आहे. बीजें तयार होतांना प्रत्येक जोडींतील दोन गुणसूत्रें एकमेकांशेजारीं येऊन उभीं राहतात आणि आपापल्या तुकड्यांची देवघेव करतात. एकाच पोथीच्या दोन प्रती घरांत असाव्या, एकीचें पान कसरीनें खाल्लें तर तें दुसरीवरून उतरून घ्यावें, आणि अशा रीतीनें निदान एक प्रत तरी शुद्ध राहावी, तसाच हा प्रकार आहे. वाय सूत्राची ही देवघेव टोकांचा थोडा भाग सोडल्यास पार बंद पडलेली आहे. चूक झाली कीं ती कायमची. १९६४ सालीं हर्मन म्यूलर यानें यास दांतेरी चक्राची उपमा दिली : खिट्टी लावलेलें चक्र पुढें सरकतें, पण मागें येत नाहीं. अमेरिकेंतील विल्यम राइस यानें १९९४ सालीं फळमाशीच्या एका गुणसूत्राची देवघेव युक्तीनें थांबवून दाखविली, आणि थोडक्याच पिढ्यांत तें खंगूं लागलें. तेव्हां देवघेव थांबली कीं ऱ्हास होतो, एवढें सिद्ध आहे.

उरलेलें अर्धें उत्तर अवघड आहे. इतकी उपकारक देवघेव मुळांत थांबली कशासाठीं?

या प्रश्नाला १९३१ सालीं इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यानें एक सुंदर उत्तर सुचविलें. त्याच्यापुढें गप्पी माशांचें उदाहरण होतें. या माशांतील नर रंगीबेरंगी व मादी फिकट असते, आणि रंगाचीं कित्येक जनुकें वाय सूत्रावर बसलेलीं असतात. भडक रंग नराला मादी मिळवून देतो. मादीला त्याचा उपयोग नाहीं, उलट तो शत्रूची नजर ओढून घेतो. तेव्हां नराला हितकर व मादीला घातक असें जनुक नर ठरविणाऱ्या जनुकाच्या शेजारींच असावें, आणि दोघांची ताटातूट होऊं नये, यांत लाभ आहे. बापाचा पागोटा मुलीच्या डोक्यावर जाऊं नये म्हणून देवघेवीचें दारच बंद करावें, असें हें धोरण. राइसनें १९८७ सालीं या कल्पनेला गणिताची जोड दिली, आणि नर व मादी यांचा हितविरोध हेंच लिंगसूत्रांचें मूळ, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून ठाम शब्दांत शिकविली जाऊं लागली.

ती खरी असेलहि. परंतु सुंदर असणें आणि सिद्ध असणें यांत अंतर आहे. मनुष्याचीं लिंगसूत्रें सुमारें १८ कोटी वर्षांचीं आहेत; गुन्हा घडून युगें लोटल्यावर पंचनामा करावा, तशी येथें संशोधकाची स्थिति होते. दुसरी अडचण त्याहून मोठी. ज्या ज्या प्राण्यांत लिंगसूत्रें आहेत, त्या त्या प्राण्यांत नर आणि मादी हीं असणारच, आणि त्यांचे हितविरोधहि असणारच. मग हा विरोध देवघेव थांबण्याचें कारण म्हणावा कीं परिणाम, हें वेगळें कसें काढावें? पाहिजे होता असा जीव, कीं ज्यांत नर नाहीं, मादी नाहीं, आणि तरीहि गुणसूत्रांची देवघेव थांबलेली आहे. असा जीव बुरशींत सांपडला.

शिळ्या पावावरची बुरशी, लोणच्यावर येणारी बुरी, पावसाळ्यांत उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या, हीं सर्व एकाच विशाल कुलांतलीं मंडळी. यांतील पुष्कळांत संयोगाचा नियम आपल्या गोत्राच्या नियमासारखा असतो. दोन गोत्रें असतात. सगोत्रांचा संयोग होत नाहीं, भिन्नगोत्रींचाच होतो. पण अमुक गोत्र पुरुषांचें व अमुक स्त्रियांचें असें आपल्याकडे जसें नसतें, तसेंच येथेंहि नाहीं. दोन्ही गोत्रांचे तंतु दिसण्यांत व वागण्यांत सारखेच असतात. गोत्र ठरविणारें जनुक एका ठराविक गुणसूत्रावर बसलेलें असतें, त्यास येथें गोत्रसूत्र म्हणतां येईल.

या कामांत विशेष उपयोगी पडलेली बुरशी म्हणजे न्यूरोस्पोरा. तिचा लौकिकांतील प्रवेश कांहीं सन्मानाचा नव्हता. १८४३ च्या सुमारास पॅरिसमध्यें लष्कराच्या पावांवर नारिंगी रंगाची बुरशी माजली आणि चौकशीसाठीं सरकारला समिति नेमावी लागली. भट्टीची आंच ही इतर बुरशींचा काळ. पण न्यूरोस्पोराचे काळे बीजाणु आंच लागल्यावांचून जागेच होत नाहींत. जळलेल्या रानांत ती प्रथम उगवते ती यामुळेंच. कर्नाटकांत मद्दूर येथील शेतांत उसाचें पाचट जाळल्यावर खुंटांवर तिची एक जात कशी फुलते याचा अभ्यास बंगळूरच्या दोघा संशोधकांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केला. अमेरिकेंत बर्नार्ड डॉज यानें १९२७ पासून या बुरशीचें गोत्रशास्त्र उलगडलें, आणि फळमाशीच्या नादांत असलेल्या टॉमस हंट मॉर्गनच्या मागें लागून तिचे नमुने त्याच्या पदरांत घातले. पुढें त्याच बुरशीवर बीडल व टेटम यांनीं १९४१ सालीं एकेक जनुक पेशींतील एकेक रासायनिक क्रिया चालवितें हें दाखविलें व १९५८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तो गाजावाजा न्यूरोस्पोरा क्रासा या जातीचा. आपल्या विषयाची नायिका तिची बहीण, न्यूरोस्पोरा टेट्रास्पर्मा, म्हणजे चारबीजी. क्रासाच्या प्रत्येक सूक्ष्म पिशवींत आठ बीजाणु असतात. चार एका गोत्राचे, चार दुसऱ्या. त्यांतील एकट्या बीजाणूपासून उगवलेल्या तंतूला परगोत्री सोयरिक शोधावीच लागते. चारबीजीनें ही यातायात वांचविली आहे. तिच्या पिशवींत चारच मोठे बीजाणु असतात आणि प्रत्येकांत दोन्ही गोत्रांचें एकेक केंद्रक घातलेलें असतें. एक बीजाणु रुजला कीं वधूवर दोघेहि एकाच घरांत हजर! हे केंद्रक एकमेकांत मिसळत नाहींत. एकाच तंतूंत शेजारीं शेजारीं राहतात, वाढतात, आणि संयोगाची वेळ आली म्हणजेच एक होतात.

ही व्यवस्था साधण्यास पेशीला मोठी काटेकोर मांडणी करावी लागते. संयोगानंतर पेशीचें विभाजन होतांना गोत्रसूत्राच्या दोन प्रती पहिल्याच फेरींत निरनिराळ्या झाल्या पाहिजेत, तरच पुढें प्रत्येक बीजाणूंत दोघींची जोडी जमते. गोत्राचें जनुक आणि गुणसूत्राचा मध्यबिंदु यांच्या दरम्यान देवघेव झाली तर ही मांडणी विसकटते व एकाच गोत्राचीं दोन केंद्रकें एका बीजाणूंत जाऊन पडतात. म्हणून त्या टापूंत देवघेव बंद असणें समजण्यासारखें आहे. येथवर कोडें नाहीं.

कोडें पुढें आहे. १९९६ पासूनच्या प्रयोगांत असें दिसूं लागलें कीं, चारबीजीच्या गोत्रसूत्राची देवघेव त्या लहान टापूपुरती थांबलेली नसून, दोन टोकें सोडल्यास जवळ जवळ सबंध सूत्रावर थांबलेली आहे. मध्यबिंदूच्या पलीकडल्या बाजूवरहि, जेथें ती थांबवून बीजाणूला कांहींच मिळवायचें नाहीं. स्वीडनमधील उप्साला येथें हॅना योहानेसन यांच्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं हीच गोष्ट जनुकांच्या अक्षरांत वाचून दाखविली : तीन चतुर्थांशांहून अधिक सूत्र अडकून पडलेलें! बुरशींत नर नाहीं, मादी नाहीं, पागोटें नाहीं कीं पदर नाहीं. तरी तिच्या एका सूत्राची स्थिति मनुष्याच्या वायसारखी होऊं लागलेली आहे. फरक इतकाच कीं आपला प्रकार १८ कोटी वर्षांचा जुना, हा तुलनेनें अगदीं ताजा. पुरावा अजून ओला आहे.

बुरशीचा दुसरा गुण म्हणजे ती प्रयोगशाळेंत कुणबिणीसारखी राबते. पाहिजे तो संकर करतां येतो, पाहिजे तें केंद्रक वेगळें काढतां येतें. २००५ सालीं डेव्हिड जेकबसन यानें वारंवार संकर करून एका जातीचें गोत्रसूत्र दुसऱ्या जातीच्या घरांत नेऊन बसविलें, आणि देवघेव थांबविण्याचें काम कोण करतें याचा शोध घेतला. उत्तर दुहेरी निघालें : सूत्राची स्वतःची बदललेली बांधणी, आणि दुसऱ्याच सूत्रांवर बसलेलीं कांहीं जनुकें, असा दोघांचा हात त्यांत आहे. बांधणी बदलते म्हणजे सूत्राचा एखादा लांब तुकडा तुटून उलटा जोडला जातो; मग शेजारच्या सूत्राशीं त्याची ओळ जुळत नाहीं. अशी उलटापालट झाली म्हणूनच देवघेव थांबली, असें पुष्कळांचें मत होतें. २०१७ सालीं उप्सालाच्या गटानें अनेक वंशावळी ताडून हा क्रमच उलटा करून टाकला. चारबीजींत देवघेव आधीं थांबली, उलटापालट मागाहून झाली. कुलूप कोणी लावलें हें शोधतांना गंजाला चोर समजण्यासारखी ती चूक होती.

एका बुरशीवरून सिद्धान्त उभारणें धोक्याचें. सुदैवानें दुसरी साक्षीदार युरोपांतील रानफुलांत मिळाली, आणि तिची कथा अद्भुतरम्यच आहे. मायक्रोबोट्रियम नांवाची ही बुरशी सिलीन या पांढऱ्या फुलांच्या झाडाला लागते. या झाडांत नर व मादी वेगळीं असतात व त्यांना आपल्यासारखींच एक्स आणि वाय सूत्रें असतात. बुरशी मादी झाडांत शिरली कीं त्या फुलाला पुंकेसर फुटतात, आणि त्यांत परागाऐवजीं बुरशीचे जांभळट काळे बीजाणु भरलेले असतात. कीटक बिचारे पराग समजून तेच वाहतात. खऱ्या लिंगसूत्रांच्या या झाडावर राहणाऱ्या बुरशींतहि गोत्रसूत्रें अडकून पडलेलीं आहेत, इतकीं कीं दोन गोत्रांचीं सूत्रें आतां आकारानेंहि वेगळीं दिसतात. १९९९ सालीं मनुष्याच्या एक्स सूत्रावर चार थर आढळले होते. म्हणजे देवघेव एकदम न थांबतां टप्प्याटप्प्यानें थांबली होती, आणि प्रत्येक टप्प्याला नर-मादीचा नवा हितविरोध कारण झाला असावा असें मानलें जाई. फ्रान्समधील तात्याना जिरो व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं तसेच थर मायक्रोबोट्रियममध्यें दाखविले. जेथें हितविरोधाला जागाच नाहीं तेथेंहि थर! फिशरचें उत्तर यामुळें खोटें ठरलें असें नव्हे. गप्पी माशांना तें लागू असूं शकेल. परंतु तेंच एकमेव उत्तर आहे हा आग्रह मात्र यापुढें धरतां येणार नाहीं.

मग दुसरें उत्तर कोणतें? सध्यां ज्यावर वाद माजला आहे तें असें. प्रत्येक गुणसूत्रावर कांहीं दोष दडलेले असतात; जोडीदार धड असला तर ते बाधत नाहींत, दोन्हींकडे तोच दोष आला तरच बाधतात. आतां गोत्रसूत्राच्या एखाद्या तुकड्यावर योगायोगानें दोष जरा कमी असले आणि त्या तुकड्याची देवघेव थांबली, तर तो तुकडा फोफावतो. इतर सूत्रांवर असें झालें असतें तर तो सर्वत्र पसरतांच त्याची स्वतःशींच गांठ पडली असती व त्याचे उरलेसुरले दोष उघडे झाले असते. पण गोत्रसूत्राची स्वतःशीं गांठ कधीं पडतच नाहीं, कारण सगोत्र संयोग वर्ज्य! झांकली मूठ सव्वा लाखाची, ती झांकलेलीच राहते. एक तुकडा असा कायम झाला कीं शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. थर वाढत जातात. जिरो यांच्या गटानें २०२२ सालीं हा हिशेब गणितानें मांडला. त्याच वर्षीं फ्रान्समधीलच लेनॉर्मां आणि रोझ यांनीं निराळी मांडणी केली. त्यांच्या मतें नुसत्या झांकल्या मुठीवर सौदा टिकत नाहीं. अडकलेला तुकडा कालांतरानें सडतो, आणि मग तो पुन्हां मोकळा होण्यांतच लाभ असतो. तो मोकळा होत नाहीं, याचें कारण जनुकांचा चढउतार राखणारी यंत्रणा तोंवर दोन्हीं बाजूंना वेगळी वळणें घेऊन बसते. दोन्ही पक्षांचें गणित आपापल्या जागीं बरोबर आहे; निसर्गानें कोणतें वापरलें हें कागदावर ठरणारें नव्हे.

येथें बुरशीला पुन्हां बोलावणें आलें. झांकल्या मुठीची गोष्ट खरी असेल, तर दोन गोत्रांचीं केंद्रकें एकत्र असलेला तंतु सुदृढ असावा, आणि तींच वेगळीं करून वाढविलीं तर त्यांचे दोष उघडे पडावे. याची चांचणी एका साध्या साधनावर होते. दोन्ही टोकांशीं वर वळविलेली कांचेची आडवी नळी घ्यावी. घरोघर चायना ग्रास म्हणून जो पदार्थ दुधांत शिजवितात त्याच जातीच्या पदार्थाचा पातळ थर आंत ओतावा. एका टोकाला बुरशी लावावी आणि रोज ती कोठवर पोंचली तेथें खूण करावी. ही पद्धति १९४३ सालची आहे आणि तिला अजून निवृत्ति मिळालेली नाहीं. क्रासा या नळींतून तासाला तीन मिलीमीटरांपेक्षां अधिक वेगानें धांवते, म्हणजे सकाळीं केलेली खूण संध्याकाळीं मागें पडलेली दिसते. डॉजनें १९४२ सालींच पाहिलें होतें कीं, चारबीजीचे दोन खुजे वाण वेगळे वाढविले तर रखडतात, पण एकाच तंतूंत नांदूं लागले कीं जोमानें वाढतात. त्यावेळीं लिंगसूत्रांचा प्रश्न त्याच्या मनांतहि नव्हता. अलीकडे फ्रान्समध्यें शिझोथेसियम या चारबीजीसारख्याच व्यवस्थेच्या बुरशीवर मुद्दाम तोच प्रयोग केला गेला. प्रकाश व उष्णतेच्या कांहीं परिस्थितींत जोडकेंद्री तंतु एकट्यांच्या पुढें गेले. कांहींत फरक दिसला नाहीं. तेव्हां मुठींत कांहींतरी झांकलेलें आहे खरें. पण तें थर वाढविण्यापूर्वीं झांकलें गेलें कीं नंतर सांचलें, हें या शर्यतीवरून कळत नाहीं.

वाय सूत्र असेंच झिजत जाऊन पुरुषजातीचा अस्त होणार, अशा बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात. त्यांची चिंता करण्याचें कारण नाहीं. २०१२ सालीं माकडाच्या वायशीं तुलना केली असतां, गेल्या अडीच कोटी वर्षांत मनुष्याच्या वायनें आपल्या जुन्या जनुकांपैकीं एकच गमावल्याचें आढळलें. ऱ्हासाची उतरण प्रथम तीव्र असते, मग सपाट होते. चारबीजीनें तर याहून चतुर मार्ग काढला आहे. तिच्या कांहीं वंशांत गोत्रसूत्राचे तुकडे शेजारच्या जातींकडून, म्हणजे जेथें देवघेव अजून मोकळी आहे अशा घरांतून, संकरानें आलेले सांपडले. आणि २०१६ सालच्या अभ्यासाप्रमाणें, अशा उसन्या तुकड्यांनींच तें सूत्र धडधाकट राखलें आहे. दत्तक घेऊन वंश चालविण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा.

आधीं काय झालें हें पाहावयाचें तर आधीचें पिढीजात जपून ठेवलेलें असलें पाहिजे. तें बुरशींत शक्य आहे. तिचे नमुने गोठवून ठेवले तर वर्षानुवर्षें जिवंत राहतात. स्टॅनफर्डच्या डेव्हिड पर्किन्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतासह जगांतील अनेक देशांतून हजारों रानटी नमुने गोळा केले, आणि १९६० सालीं स्थापन झालेला अमेरिकेंतील बुरशींचा संग्रह मागेल त्या संशोधकाला ते पाठवीत आला आहे. प्रयोगशाळेंत शेंकडों पिढ्या वाढविलेला तंतु आणि शीतकपाटांतून काढून पुन्हां जागा केलेला त्याचा पूर्वज, अशा पणतू-पणजोबांना शेजारच्या दोन नळ्यांत सोडतां येतें. एका बाजूला देवघेव मोकळी असलेला वाण, दुसऱ्या बाजूला अडकलेला. एकांत केंद्रकें जोडीनें, दुसऱ्यांत एकटीं. कांचेवरच्या पेन्सिलीच्या खुणा रोज सकाळीं थोड्या पुढें सरकतात, आणि कोणाची रेघ मागें पडूं लागली तें मोजपट्टीनें पाहिलें जातें.